सरळ धार आणि बाकदार धार

शिसपेन्सिलीला टोक काढावयाच्या घडीच्या चाकूचे पाते बहुधा सरळ असते. घरातील विळीचे पाते मात्र बाकदार असते. दोघांचेही काम कापण्याचेच. मग त्यांचे आकार निराळे का? चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत या प्रश्नाचे उत्तर सहज मिळते. तेथे धान पिकते आणि बांबूही वाढतो. या दोहोंसाठी तेथील कष्टकरी निरनिराळ्या धारेची हत्यारे वापरतात.

पावसाळा सरला की धानाची कापणी सुरू होते. धानाची ताटे बारीक व लवचीक असतात. सरळ सुरीने ती कापू लागल्यास वाकून पात्यावरून निसटतात. विळ्याचे पाते आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे मूठभर ताटे त्याच्या बाकात अडकून राहतात आणि विळा ओढला की धार त्यांवरून तिरपी सरकत जाते. नुसती दाबलेली धार पिकलेल्या टोमॅटोला चेपते. ओढलेली धार तोच टोमॅटो सहज चिरते, हे तुम्ही पाहिले असेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या ‘वैभव’ विळ्याला तर बारीक दातेही असतात. त्याने ताटे अगदी जमिनीलगत कापता येतात आणि धसकटांत दडणाऱ्या खोडकिडीला थारा कमी मिळतो.

बांबूची गोष्ट वेगळी आहे. या वनांत मुख्यतः मानवेल जातीचा बांबू आढळतो. त्याची कांडी जाड असतात. काही तर जवळजवळ भरीव असतात. तो तोडण्यास कुऱ्हाड लागते. तिची धार बाहेरच्या बाजूस किंचित फुगीर असते. त्यामुळे घाव घालताना धारेचा थोडाच भाग प्रथम बांबूस भिडतो व सारा जोर तेवढ्या जागी एकवटतो. मात्र घाव जमिनीजवळच्या गाठीच्या किंचित वर पडावा लागतो. तो दोन गाठींच्या मधोमध पडला, तर उरलेल्या पोकळ खुंटात पावसाचे पाणी साचते आणि खुंट कुजू लागतो. तसेच कोवळे बांबू राखून पक्व झालेलेच तोडावयाचे असतात. नाहीतर बेट दुबळे होते.

तोडलेला बांबू बुरूड कारागिराच्या हाती आला, की सरळ पात्याची पाळी येते. बांबूचे तंतू उभे, एकमेकांना समांतर असतात. बांबूच्या तोंडावर सरळ पाते ठेवून ठोकले, की चीर तंतूंच्या रेषेने पुढे धावते. अशा रीतीने कामट्या निघतात. त्या सरळ धारेने तासून पातळ केल्या, की त्यांची सुपे व टोपल्या विणता येतात. येथे बाकदार पाते वापरले, तर ते कामटीत कोठे खोल, तर कोठे उथळ जाईल. पेन्सिलीस सरळ पात्याचा चाकू बरा वाटतो, त्याचेही कारण हेच.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेला बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. बांबूचे उत्पन्न गावाचे झाले, तशी बेटे राखण्याची जबाबदारीही गावावर आली. तेथे एक चुकीचा घाव म्हणजे गावाच्याच ठेव्याचे नुकसान होय.

म्हणून सरळ धार चांगली की बाकदार, असा वाद घालण्यात अर्थ नाही. जी वस्तू कापावयाची, तिचा स्वभाव आधी ओळखावा. मग हत्यार निवडावे आणि ते जपून चालवावे. आपल्या वनांतील श्रमिकांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जतन केले आहे.