खोकला नसलेल्यांची रांग

वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं रांजणगाव शेणपुंजी. समाजमंदिरात क्षयरोग तपासणीचं शिबिर मांडलंय. स्टँडवर कॅमेऱ्याएवढं एक्स-रे यंत्र, समोर भिंतीला टेकवलेली काळी पाटी, बाजूच्या टेबलावर लॅपटॉप. दुपारी कंपन्यांची पहिली पाळी सुटली तशी रांग व्हरांड्याबाहेर गेलीय. भाड्याच्या एकेका खोलीत चार-पाच जण राहणारी ही वस्ती. एकाला झालेला क्षय दुसऱ्यापर्यंत पोचायला इथे फार अंतर कापावं लागत नाही.

"मला तर खोकलाच नाही," पन्नाशीतल्या एक मावशी आशाताईंना सांगताहेत.

"नसू दे. शुगर आहे ना? आणि मागल्या साली घरात टीबी निघाला होता. चला."

"मंगळसूत्र काढा, मावशी," टेक्निशियन म्हणतो. "हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या... धरून ठेवा. हां, सोडा."

मिनिटभरात पडद्यावर छातीचं चित्र उमटतं. लाखो एक्स-रे पाहून शिकलेली संगणक-प्रणाली ते वाचते आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला लालसर डाग रंगवते. शेजारी आकडा येतो: ०.७ च्या वर. ० ते १ या मोजपट्टीवर हा आकडा संशयाचा आहे, निदानाचा नाही. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असाच रंगू शकतो. म्हणून वैद्यकीय अधिकारी स्वतः चित्र मोठं करून पाहताहेत.

मला या यंत्राचं मोल दिसतं ते मावशींच्या त्या पहिल्या वाक्यात. देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. खोकल्याची वाट पाहत बसणं किती महाग पडतं, ते या एका आकड्यात आहे. मात्र प्रत्येक वस्तीत रेडिऑलॉजिस्ट आणायचा कुठून? जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत संगणकानं एक्स-रे वाचायला मान्यता दिली, ती याच अडचणीपोटी. मुंबईत २०१६ मध्ये उभ्या राहिलेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली आज कितीतरी देशांत हे काम करते.

पण यंत्र बोट दाखवून थांबतं. आता बेडका हवा; तो गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर तपासला की जंतू आहेत की नाहीत ते कळेल. आणि खोकलाच नाही, तर बेडका येणार कुठून?

आशाताई मावशींना बाजूला घेतात. हातात डबी देतात. "सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची. खोल श्वास घेऊन आतून खाकरायचं. नुसती थुंकी चालत नाही."

मावशी डबी पदराआड धरतात. "आणि निघालंच तर? सुपरवायझर ठेवील का कामावर?"

डॉक्टर मान वर करतात. गोळ्या फुकट, साधारण सहा महिने. उपचार चालू असेपर्यंत सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये. कामाबद्दल मात्र ते लगेच काही बोलत नाहीत.

"उद्या पहिली पाळी आहे, सहाला गाडी येती," मावशी म्हणतात.

"मग मी साडेपाचला खोलीवर येते," आशाताई वही उघडतात. "घरमालकाचं नाव सांगा."