छोटी रेल्वे प्रदर्शनाला निघते तेव्हा

प्रदर्शनात धावणारी छोटी रेल्वे सहसा एकसंध नसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्ट स्प्रिंगफील्ड येथे दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस अ‍ॅम्हर्स्ट रेल्वे सोसायटीचे मोठे प्रदर्शन भरते. तिथे येणारे अनेक क्लब आपली रेल्वे मॉड्यूलच्या रूपात आणतात. मॉड्यूल म्हणजे रूळ, डोंगर, घरे आणि तारा बसवलेले एक लाकडी टेबल. प्रत्येक सभासद आपले मॉड्यूल आपल्या घरी तयार करतो. प्रदर्शनाच्या सभागृहात ही टेबले एकमेकांना जोडली की सलग मार्ग तयार होतो. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच छंदातून घडले, पण तिथला देखावा कायमचा एका जागी बसवलेला आहे. फिरत्या रेल्वेचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांतले बहुतेक जोडांपाशी निर्माण होतात.

वेगवेगळ्या घरांत तयार झालेली टेबले जुळतात ती आधीच ठरलेल्या मापांमुळे. ‘एचओ’ हे सर्वांत लोकप्रिय प्रमाण १:८७ आहे. खऱ्या रेल्वेचे १४३५ मिलिमीटरचे प्रमाण गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, त्यात १६.५ मिलिमीटर होते. भारताच्या १६७६ मिलिमीटर ब्रॉडगेजला याच हिशेबाने १९.३ मिलिमीटर हवेत; त्यामुळे भारतीय गाडी बाजारात सहज मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर चालवायची तर ती जरा अरुंद पायांवर उभी राहते. ‘एन’ प्रमाण १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात या प्रमाणासाठी ‘एन-ट्रॅक’ नावाची मानके ठरली. नेहमीचे मॉड्यूल ४ फूट लांब व २ फूट रुंद, रूळ जमिनीपासून ४० इंच उंच, आणि पुढच्या कडेला समांतर तीन मार्ग. यातली खरी हुशारी टोकांना आहे. रूळ मॉड्यूलच्या कडेपर्यंत नेतच नाहीत, थोडे आधी थांबवतात. दोन टेबले क्लॅम्पने आवळल्यावर मधल्या फटीत सुमारे साडेबारा सेंटिमीटरचा सुटा रूळ बसवतात. टेबलांच्या जुळणीत थोडा फरक राहिला, तरी तो हा तुकडा सामावून घेतो.

प्रदर्शनाच्या आधी क्लब सगळी जुळणी एकदा करून पाहतो. पाणसळ ठेवून प्रत्येक टेबलाचे पाय खालवर करतात. दोन रुळांच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, तर ‘एचओ’च्या हिशेबाने ती खऱ्या रेल्वेतील जवळपास साडेचार सेंटिमीटरची पायरी ठरते. चाकांना रुळावर धरून ठेवणारी कड एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पायरीवर चाक उचलले जाते, कड वर येते आणि डबा घसरतो. चाकांमधले अंतर आणि रुळांचे गेज तपासायला पत्र्याची एक खाचांची पट्टी वापरतात. प्रत्येक चाकजोडी त्या खाचेत बसवून पाहावी लागते. कंटाळवाणे काम, पण याला पर्याय नाही.

वजनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लांबी ८७ पटींनी घटली, तर आकारमान आणि त्याबरोबर वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. ३० टनांची रिकामी वाघीण या हिशेबाने अवघी ४६ ग्रॅमची होईल. वळणावर गाडी ताणली गेली, की कपलिंगची ओढ वाघिणीला आतल्या बाजूला खेचते आणि हलकी वाघीण आत कलंडते. छोट्या रेल्वेची वळणेही फार तीव्र असतात. ६१ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या मापात ५३ मीटर त्रिज्येचे होते, तर मुख्य मार्गावरील खरी वळणे शेकडो मीटर त्रिज्येची असतात. म्हणून अमेरिकेतील छोट्या रेल्वेच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीनुसार ‘एचओ’ वाघिणीचे वजन १ औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे. सहा इंची वाघीण ४ औंसांची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची भरते. कमी पडणारे वजन आत शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या चिकटवून भरून काढतात आणि हलक्या वाघिणी गाडीच्या शेपटाकडे लावतात.

विजेची तपासणी सर्वांत महत्त्वाची. आजच्या पद्धतीत रुळांतून सतत सुमारे १५ व्होल्टचा दाब असतो आणि त्याच प्रवाहात इंजिनांसाठी संदेशही असतात. दाबाची दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी पालटली तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंदांनी पालटली तर ‘शून्य’. इंजिनातील डीकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा उचलतो, म्हणून एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात. रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात. त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू असून तांब्याच्या दहापटीहून जास्त विरोध करतो. लांब मार्गावर वीज नुसत्या रुळांतून नेली तर दूरचे इंजिन मंदावते. त्यासाठी प्रत्येक मॉड्यूलखाली जाड तांब्याच्या तारा टाकून ठिकठिकाणी रुळांना जोड देतात.

मग नाण्याची परीक्षा. मार्गाला वीज पुरवणाऱ्या पेटीपासून सर्वांत दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर आडवे नाणे ठेवून शॉर्टसर्किट करतात. क्षणात वीज खंडित झाली पाहिजे. पेटी ५ अँपिअरला तुटणारी असेल आणि वाटेतला विरोध ३ ओहमपेक्षा थोडा जास्त असेल, तर प्रवाह ५ अँपिअरपर्यंत पोचणारच नाही. पेटीला सारे ठीक वाटेल आणि ७० वॉटच्या आसपास उष्णता तारांत व जोडांत साठत राहील. घसरलेल्या इंजिनाचे प्लास्टिक वितळवायला ती पुरेशी आहे. ही चाचणी प्रत्येक मॉड्यूलवर व्हायला हवी, कारण एक सैल जोड पुढच्या सगळ्या मार्गाला भोवतो.

जानेवारीच्या थंडीचा हिशेबही धरावा लागतो. गोठणबिंदूखालच्या हवेतून आलेली खोकी उबदार सभागृहात लगेच उघडली, तर थंड इंजिनांवर दव जमते. खोकी काही काळ बंदच ठेवतात. उबेने रूळही लांबतात, २.४ मीटरचा रूळ २५ अंशांच्या फरकाने जवळपास एक मिलिमीटर. फट ठेवलेली नसेल तर तो बाजूला वाकतो.

प्रदर्शन सुरू झाल्यावर दिवसभराच्या धावेने रुळांवर काळा थर साचतो. चाक आणि रूळ यांच्यात उडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या तो वाढवतात. मधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसतात. घसरणीची नोंदही ठेवतात. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरले तर दोष रुळाचा असतो, एकच डबा जागोजागी घसरला तर डब्याचा. तो डबा गाडीतून काढून चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात आणि त्याची चाके पुन्हा पट्टीच्या खाचेत बसवून तपासतात.