बसून खायचं वय

“आता तुझं बसून खायचं वय आहे,” हे वाक्य मी माझ्या आईला, अम्माला, किती वेळा ऐकवलं असेल त्याची मोजदाद नाही. मला नोकरी लागली, घरात सून आली, मिक्सर आला, कपडे धुण्याचं मशीन आलं. अम्माच्या हातातून आधी बादली गेली, मग लाटणं गेलं, मग तांदूळ निवडायचं सूपही गेलं. गुडघे दुखतात म्हणून नमाजेसाठी खुर्ची आणली. ती हळूहळू दिवसभराची खुर्ची झाली. पाहुणे म्हणायचे, नशीबवान आहे म्हातारी, मुलं पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. ऐकून आम्हालाही बरं वाटायचं.

२०१७ साली तिला स्मृतिभ्रंश झाल्याचं निदान झालं. त्याआधी दोनेक वर्षं ती एकच नमाज दोनदा पढायची. “बहू, असर हुई क्या मेरी?” असं विचारायची आणि हो म्हटलं तरी पुन्हा वजूला बसायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. या आजाराची सोय आपल्या भाषांनी थट्टेतच लावून ठेवली आहे. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, तर आमच्या घरच्या बोलीत ‘सठिया गई’. आजाराला थट्टेचा शब्द मिळाला, की डॉक्टर मिळायला उशीर होतो.

भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सात जणांना तरी स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ही माझ्या एकट्याच्या घरातली गोष्ट नाही.

निदान झालं त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आपण अम्माला बसवलं, म्हणून तर हे झालं नाही ना? मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नापायी डॉक्टरांना बरंच विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातून कळलं ते सांगतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. तो त्याच्यापर्यंत पोचतो रक्तवाहिन्यांतून. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी त्या वाहिन्या खराब होतात आणि मेंदूचे बारीक बारीक भाग उपाशी पडू लागतात. चालणारा माणूस हृदय आणि रक्तवाहिन्या धडधाकट ठेवतो, तेव्हा तो मेंदूचीही रसद चालू ठेवत असतो. शिवाय व्यायामाने मेंदूतल्या पेशींना टिकायला आणि एकमेकींशी जोडलं जायला मदत करणारी काही द्रव्यं वाढतात, असं दिसलं आहे.

कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा एक छोटा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्रघोडा, कारण त्याचा आकार तसा आहे. नवी आठवण साठवायची ती याच्या मदतीने. अल्झायमरच्या आजारात सुरुवातीलाच झिजतो तो हाच. म्हणून सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि लग्नातल्या वरातीचा घोडा आठवतो. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० वयस्क माणसांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालायला लावलं, निम्म्यांना नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हा समुद्रघोडा सुमारे दोन टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा थोडा आक्रसला. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

२०२२ साली ब्रिटनमधल्या ७८ हजारांहून अधिक लोकांची पावलं मोजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला ३८०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा पाव हिश्शाने कमी होतं, ९८०० च्या आसपास ते निम्म्यावर होतं. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. अम्माची पावलं आम्हीच तर काढून घेतली होती.

मग लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास वाचनात आला, आणि प्रश्न उलटा झाला. १९८५ पासून दहा हजारांवर माणसांचा सरासरी सत्तावीस वर्षं पाठपुरावा केलेला. २०१७ साली त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल निदानाच्या जवळजवळ नऊ वर्षं आधीपासूनच कमी होत गेली होती. म्हणजे माणूस बसला म्हणून आजार आला, की आजार आत शिरला होता म्हणून माणूस बसला? पावलं मोजून याचं उत्तर मिळत नाही. अम्मा सूप सोडून खुर्चीत गेली, ती आमच्या आग्रहाने की निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ तिला वेगळे ओळखू येईनात म्हणून, हे आता कोण सांगणार? मी स्वतःला निर्दोष ठरवायला हे सांगत नाही. ‘चाललात तर हा आजार होणारच नाही’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्यापासून चार पावलं लांब राहावं, एवढ्यासाठी सांगतो.

मग चालायचं कशाला? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणं दाखवली. ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा हिशेब. त्यात व्यायामाच्या अभावाचा स्वतःचा वाटा दोन टक्केच. ऐकायला कमी येणं आणि वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल यांचा प्रत्येकी सात. दोन टक्के ऐकून कुणी खुर्चीत परत बसेल. पण त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, उदासी, एकटेपणाही आहेत. रोज चार माणसांबरोबर फिरायला जाणारा माणूस यातल्या किती गोष्टींना हात घालतो, ते पाहा. फिनलंडमध्ये १२६० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम, आहार, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा त्यांची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा सरस राहिली. हे २०१५ सालचं. एकट्या व्यायामाचं श्रेय त्यातून वेगळं काढता येत नाही, पण घरच्या आमटीतही मीठ वेगळं काढता येत नाहीच.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं, मध्यम वेगाने. मध्यम म्हणजे काय, ते कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी कळतं. काही मंडळी राजकारणावर एवढ्या निवांत बोलत चालतात, की त्यांना चालणं म्हणवत नाही. बोलता यावं, पण गाता येऊ नये, असा वेग हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर शेर म्हणता यावा, तरन्नुममध्ये नव्हे. ज्येष्ठांनी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही करावेत. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. हृदयाचा त्रास, चक्कर, ताजं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आता ज्यांच्या घरी आजार आलेलाच आहे, त्यांच्याशी बोलतो. २०१८ साली इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ पाचशे रुग्णांवर कडक व्यायामाचा प्रयोग झाला. त्यांची शारीरिक क्षमता सुधारली, विस्मरण मात्र थांबलं नाही. हे वाचून मला रडू आलं होतं, कारण त्या वर्षी मी अम्माला हट्टाने चालवत होतो. ती दमायची, चिडायची आणि मी मनात पावलं मोजत असायचो, जणू प्रत्येक पावलामागे एक नाव परत मिळणार होतं.

मग मी मोजायचं सोडलं. तिला चालवायचं मात्र सोडलं नाही. पायात बळ असलं तर ती स्वतः संडासाला जाते, पडायची भीती कमी राहते, आणि दिवसा हिंडली तर रात्री बरी झोपते. तिन्हीसांजेला ती “घर जाना है” म्हणून दारापाशी येते. या आजारात पुष्कळांना त्या वेळी बेचैनी येते. पूर्वी आम्ही कडी लावायचो आणि भांडण व्हायचं. आता असरनंतर, बेचैनी यायच्या आधीच, मी तिला बाहेर काढतो. रोज तोच रस्ता, त्याच चपला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. रस्ता बदलला की ती घाबरते. तिच्या कुडत्याच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेला कागद असतो. एकटं सोडायचं नाही, हे पथ्य.

सूपही परत दिलं आहे. नावं विसरली तरी हातांची सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत साठलेली असते, ती बराच काळ टिकते. तांदळात खडे नसतात, पाखडते मात्र झकास. माझी बायको तेच तांदूळ तिला संध्याकाळी पुन्हा देते. नमाज अजून खुर्चीवरच पढते. रकात चुकतात, आम्ही मोजत नाही. ती तिची इबादत आहे, तिला व्यायामाच्या वहीत घालायची माझी इच्छा नाही.

नमाज झाली की ती उठते. पूर्वी मी धावत जाऊन दंड धरायचो. डॉक्टरांनी सांगितलं, उचलू नका, वेळ द्या. आता ती खुर्चीच्या हातांवर तळवे टेकते, पुढे झुकते. पहिल्यांदा जमत नाही, मागे बसते. थोडं थांबून पुन्हा जोर लावते. मी शेजारी उभा असतो, हात खिशात घालून.