किशोरवयीनांचे लैंगिक व प्रजनन आरोग्य : तालुका पातळीवरील संशोधनाची पूर्वतयारी
(विशेष संदर्भ : कारंजा (घाडगे), जि. वर्धा)

प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ वर्षे हा वयोगट किशोरवयीन मानला आहे. १९९४ साली कैरो येथे झालेल्या लोकसंख्या व विकासविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर प्रजनन आरोग्याकडे केवळ लोकसंख्या नियंत्रणाच्या दृष्टीने न पाहता व्यक्तीचा हक्क म्हणून पाहिले जाऊ लागले आणि किशोरवयीनांच्या गरजांचा स्वतंत्र विचार सुरू झाला.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा त्याहून जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यासाठी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. पुढे २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला याच राज्यात तीव्र विरोध झाला व तो थांबविण्यात आला. म्हणजे ज्या विषयावर शिक्षकाला वर्गात बोलणे कठीण, त्याच विषयावर संशोधकाला विद्यार्थ्याकडून उत्तर हवे असते. संशोधनाची खरी अडचण येथे सुरू होते. हे मौन म्हणजे अनुभवाचा अभाव नव्हे. प्रश्न कोणी, कोठे, कोणासमोर विचारला आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय होणार, यावर उत्तर अवलंबून असते. हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

उपलब्ध आकडेवारी आणि तिच्या मर्यादा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाच्या १८ वर्षांपूर्वी झालेला होता. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या अथवा गर्भवती होत्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) ही प्रमाणे अनुक्रमे २६.३ व ८.३ टक्के होती. घट झाली, परंतु प्रश्न संपलेला नाही, असे यावरून दिसून येते.

या आकड्यांच्या दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. एक, सर्वेक्षणातील स्त्रियांच्या मुलाखती १५ वर्षांपासून पुढे घेतल्या जातात. त्यामुळे १० ते १४ हा वयोगट, ज्यात बहुतेक मुलींना पहिली पाळी येते, मुलाखतीबाहेर राहतो. दोन, लैंगिक वर्तनाविषयीचे प्रश्न निवडक १५ टक्के कुटुंबांतच विचारले जातात. त्यातून राज्याचे चित्र मिळते, जिल्ह्याचे नव्हे. वर्धा जिल्ह्यातील आठ तालुक्यांपैकी एक असलेल्या कारंजा (घाडगे) तालुक्याविषयी तर त्यातून काहीच सांगता येत नाही.

परिसरातील संशोधनाचे धडे

ही उणीव लहान क्षेत्रातील अभ्यासांनी भरून काढता येते, याची तीन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

पहिले उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. तक्रार असल्याचे ५५ टक्के स्त्रियांनी सांगितले. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांची झाली होती. सांगितलेले व असलेले यांतील हे अंतर म्हणजे मौनाचे एक मापच होय.

दुसरे उदाहरण वर्धा जिल्ह्यातीलच आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील २३ गावांत अविवाहित किशोरींसोबत मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी सहभागी पद्धतीने काम केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पाळी येण्यापूर्वी तिच्याविषयी माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत ३५ वरून ५५ टक्क्यांवर गेले आणि तयार पॅड वापरणाऱ्यांचे प्रमाण ५ वरून २५ टक्के झाले. येथे मुली केवळ उत्तरदात्या नव्हत्या, त्या बदलाच्या सहभागी होत्या.

तिसरे उदाहरण पाचोड (तेव्हाचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर जिल्हा) येथील. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालविला. कार्यक्रमाच्या क्षेत्रात विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर्षांवर गेल्याचे मूल्यमापनात आढळले. विवाह पुढे ढकलला की पहिले बाळंतपणही पुढे जाते. म्हणून विवाहाचे वय हाही आरोग्य संशोधनाचाच विषय ठरतो.

विचारण्याची पद्धत

२००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत झालेल्या युवकांच्या सर्वेक्षणात मुलाखतीच्या शेवटी एक वेगळी पद्धत वापरण्यात आली. विवाहपूर्व संबंधांविषयीच्या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर उत्तरदात्याने स्वतः कार्डावर नोंदवून ते बंद लिफाफ्यात ठेवायचे. समोरासमोर नकार देणाऱ्यांपैकी काहींनी लिफाफ्यात होकार दिला. व्यक्ती तीच, प्रश्नही तोच, परंतु उत्तर बदलले.

लहान गावात केवळ नाव न लिहिल्याने गोपनीयता राखली जात नाही. एखाद्या गावातून बारावीत दोनच मुली येत असतील, तर गाव, इयत्ता व जात या तीन नोंदींवरून कोणालाही त्या ओळखता येतात. म्हणून जी माहिती विश्लेषणासाठी अत्यावश्यक नाही, ती विचारू नये. शिवाय अंतर्गत गुण देणाऱ्या प्राध्यापकानेच आपल्या वर्गात प्रश्नावली वाटली, तर 'ऐच्छिक सहभाग' हा शब्द नाममात्र उरतो.

कायदा आणि संशोधकाची जबाबदारी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कलम १९ प्रमाणे अपराधाची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. कलम २१ मध्ये माहिती न देणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख, तिने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, अहवालात उघड न करण्याची मुभा डॉक्टरांना दिली. संशोधकाला मात्र या निर्णयाचा आधार घेता येणार नाही.

याचा अर्थ असा की, सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीला नावानिशी असा प्रश्न विचारणारा प्राध्यापक तिला गोपनीयतेचे निरपवाद आश्वासन देऊ शकत नाही. ते देणे म्हणजे तिची फसवणूक होईल. गोपनीयतेची मर्यादा प्रश्नापूर्वीच सांगितली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच १२ ते १८ वयोगटातील सहभागींची स्वतःची लेखी अनुमतीही घ्यावी लागते.

हा प्रश्न केवळ कागदोपत्री नाही. जानेवारी २०२२ मध्ये शेजारच्या आर्वी येथे एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या तपासात एका खाजगी रुग्णालयाच्या आवारात कवट्या व हाडे सापडली आणि सारे राज्य हादरले. सुरक्षित व विश्वासाचा मार्ग ठाऊक नसला म्हणजे संकटातील मुलीचे काय होते, हा प्रश्न त्या घटनेने जिल्ह्यासमोर ठेवला.

कारंजा (घाडगे) येथील शक्यता

संत्रा व कापूस पिकविणारा हा तालुका नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. परिसरातील खेड्यांतून विद्यार्थी शिक्षणासाठी येथे येतात. अशा ठिकाणी महाविद्यालयाने पुढील क्रमाने पावले टाकणे उचित ठरेल.

१. प्रारंभी १८ वर्षे पूर्ण केलेल्या पदवी विद्यार्थ्यांचा निनावी अभ्यास करावा. 'पाळीविषयी प्रथम कोणाकडून कळले?', 'शंका आल्यास कोणाकडे जाल?' असे माहिती व सेवांविषयीचे प्रश्न आधी घ्यावेत.

२. मुलग्यांना वगळू नये. त्यांच्या शंका व गैरसमजांकडे आजवर कमी लक्ष दिले गेले आहे.

३. शाळा सोडलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या व लवकर विवाह झालेल्या मुली महाविद्यालयाच्या पटावर नसतात, आणि धोका त्यांनाच अधिक असतो. त्यांच्यापर्यंत आशा व अंगणवाडी सेविकांच्या साहाय्यानेच पोहोचता येईल.

४. प्रश्नावलीपूर्वी मदतीची व्यवस्था निश्चित करावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (२०१४) अंतर्गत राज्यात 'मैत्री' नावाने चालणारी किशोर आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालय आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक यांची माहिती प्रत्येक सहभागीच्या हाती द्यावी, त्याने उत्तरे दिली असोत वा नसोत.

समारोप

या क्षेत्रात संशोधनाची गुणवत्ता नमुन्याच्या आकारावरून जेवढी ठरते, तेवढीच ती सहभागीला वाटणाऱ्या सुरक्षिततेवरून ठरते. असुरक्षित वाटणारा विद्यार्थी 'नाही' असे लिहितो आणि तो नकार पुढे टक्केवारी होऊन धोरणात जातो. समस्या नाही म्हणून सेवा नाही, असा निष्कर्ष मग सहज निघतो. त्यामुळे उत्तर ऐकल्यानंतर काय करायचे याची तयारी नसेल, तोपर्यंत प्रश्न न विचारणे हाच योग्य निर्णय होय. ती तयारी करणे मात्र प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयाला शक्य आहे.