छतावर सोलर: किती किलोवॅट घ्यायचं?

विक्रेत्याला फोन करण्याआधी वीजबिल काढा आणि वर्षभराचे युनिट बघा. नुसत्या मे महिन्याच्या आकड्यावर जाऊ नका.

☀️ १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात. वापर ३०० युनिट असेल तर ३ किलोवॅट पुरे.

🏠 किलोवॅटमागे सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा हवी.

💰 पीएम सूर्यघर योजनेत अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००. ३ आणि त्यापुढे कितीही घेतलं तरी ७८,०००च.

🔁 नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रिडला जाते, तेवढे युनिट बिलातून वजा होतात.

⚡ लाइट गेली की बिनबॅटरीची ऑन-ग्रिड यंत्रणाही सुरक्षेसाठी बंद होते.

फ्लॅटवाल्यांनो, छत नसेल तर वीज कंपनीकडे ‘ग्रीन टॅरिफ’ची, म्हणजे हरित वीज घेण्याच्या दराची, चौकशी करा.