अंतिम सामने नेरूळला, संघ कुठे?

6 फेब्रुवारी 2022. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला आशियाई चषकाचा अंतिम सामना. मध्यंतराला दक्षिण कोरिया दोन गोलांनी पुढे आणि चीन हरल्यात जमा. उत्तरार्धात चीनने दोन गोल फेडले आणि भरपाईच्या वेळेत तिसरा मारून चषक उचलला. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला याच गवतावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा निकाल लागला. कोलंबियाच्या स्वयंगोलामुळे स्पेन 1-0 ने विजयी ठरला. एकाच वर्षात खंडाची आणि जगाची अशा दोन अंतिम लढती पाहिलेले हे मैदान सीबीडी बेलापूरहून हार्बरच्या लोकलने दुसऱ्या स्थानकावर आहे.

भारताच्या वाट्याला मात्र हुरहूर आली. आशियाई चषकात 20 जानेवारीला इथेच इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. पुढचा सामना चिनी तैपेईशी होता, पण कोरोनाने इतक्या खेळाडूंना गाठले की संघच उभा राहीना. यजमान भारत स्पर्धेतून बाद झाला आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द धरला गेला. घरच्या स्पर्धेसाठी केलेली तयारी एका सामन्यात संपली. त्या मुलींचे दुःख समजायला फुटबॉलप्रेमी असण्याची गरज नाही.

पाहुणे गेले. मागे काय उरले?

नवी मुंबई हे शहर सिडको या महामंडळाने आखले. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने सेक्टर, शाळा, स्थानके, उद्याने यांचे नकाशे काढले आणि अलीकडे खारघरमध्ये फुटबॉलसाठी सेंटर ऑफ एक्सलन्सही हाती घेतले. मैदाने आखता येतात. क्लब आखता येत नाही. त्याला रोज संध्याकाळी येणारी माणसे लागतात, मुलींना अंधार पडल्यावर घरी सोडणारे कोणीतरी लागते आणि हरलेल्या हंगामानंतरही पुढच्या वर्षाची वर्गणी गोळा करणारा चिवट चिटणीस लागतो.

नेदरलँड्समधल्या अल्कमार शहराची गोष्ट इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. डच फुटबॉल महासंघाने महिलांच्या खेळाला 1971 पर्यंत दार उघडले नव्हते. महिलांची राष्ट्रीय लीग, एरेडिव्हिझी, सुरू झाली ती थेट 2007 मध्ये, अवघ्या सहा संघांनिशी. पहिली तिन्ही विजेतेपदे अल्कमारच्या एझेड क्लबने जिंकली. आणि 2011 मध्ये याच क्लबने आपला महिला संघ बंद केला! पैशांचे गणित बसत नव्हते. पण खेळाडू विखुरल्या नाहीत. बऱ्याचजणी जवळच्या टेलस्टार क्लबच्या नावाखाली एकत्र खेळत राहिल्या. 2017 मध्ये त्या परंपरेतून व्हीव्ही अल्कमार हा महिलांचा स्वतंत्र क्लब उभा राहिला आणि 2023 मध्ये एझेडने तो परत आपल्यात सामावून घेतला. बारा वर्षांत पाटी तीनदा बदलली, पण खेळ थांबला नाही. दरम्यान 2017 मध्ये डच महिलांनी डेन्मार्कला 4-2 ने हरवून युरोपचे विजेतेपद मिळवले. ते यश याच चिकाटीवर उभे आहे.

महाराष्ट्रात पाट्या बदलण्याऐवजी पुसल्याच गेल्या. जानेवारी 2017 मध्ये दिल्लीत पहिली इंडियन विमेन्स लीग झाली. सहा संघांत एफसी पुणे सिटी होता. पण ती अख्खी लीग 28 जानेवारीला सुरू होऊन 14 फेब्रुवारीला संपली. तीन आठवडेही न चालणाऱ्या स्पर्धेसाठी जमवलेला संघ स्पर्धा संपताच पांगतो, त्यात नवल नाही. 2019 मध्ये पुणे सिटी हा क्लबच बंद पडला. त्यानंतर एफसी कोल्हापूर सिटी, पिफा, मुंबई नाईट्स असे संघ राष्ट्रीय लीगमध्ये उतरले, पण एकालाही तिथे पाय रोवता आले नाहीत. 2023-24 पासून लीग घरच्या आणि परक्या मैदानांवर, खऱ्या अर्थाने हंगामभर होऊ लागली, तेव्हा पहिल्या दोन हंगामांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. मुंबई सिटीसारख्या बड्या क्लबने तर या लीगमध्ये महिला संघ कधी उतरवलाच नाही. ज्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये त्यात गुंतवणूक केली, त्याचा मँचेस्टरमधला महिला संघ इंग्लंडमध्ये नावाजलेला होता, हे ध्यानात घेतले की ही उणीव जास्तच खुपते.

गुणवत्ता नाही, असे म्हणायला जागा नाही. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर एएफसीचा 'ए' परवाना मिळवून भारतीय फुटबॉल महासंघाच्या ग्रासरूट्स विभागाची प्रमुख झाली. पुण्याची काजोल डिसोझा 2022 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळली. कुलाब्याच्या वस्तीत ऑस्कर फाउंडेशन मुलींना चेंडूबरोबर शिक्षणाचीही गोडी लावते. प्रश्न आहे तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा: शाळेचा संघ संपल्यावर तिने कुठे खेळायचे?

2 नोव्हेंबर 2025 रोजी याच नेरूळच्या मैदानावर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. तो विजय एका रात्रीतला नव्हता. त्यामागे रेल्वेच्या नोकऱ्या, राज्य संघटना आणि अनेक वर्षांच्या देशांतर्गत स्पर्धा होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये चियांग माईला थायलंडचा 2-1 असा पराभव करून महिला फुटबॉल संघाने पात्रता फेरीतून आशियाई चषकात प्रथमच जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

राष्ट्रीय लीगपर्यंतची वाट आता आखलेली आहे: आधी राज्य पातळीवरची स्पर्धा, मग दुसरी श्रेणी, मग पहिली. बेलापूर, नेरूळ, खारघरच्या शाळांमधून मुली गोळा करून तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालील आणि खुला असे चार संघ बांधायचे, त्यांना आठवड्यातले ठरलेले दिवस मैदान द्यायचे आणि निदान पाच वर्षे कोणतेही चषक न मागता त्यांचा खर्च उचलायचा. सिडको, नवी मुंबई महापालिका आणि इथल्या कंपन्यांना मिळून हे सहज जमण्याजोगे आहे. पहिले काम मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचे नाव लिहिण्याचे आहे.