फायदा नसताना मारलेली थाप

उशीर झाला की ‘ट्रॅफिक होतं’ असं आपण सगळेच ठोकून देतो. त्या खोट्याला निदान कारण तरी असतं. काही माणसं मात्र पदरात काहीच पडणार नसताना वर्षानुवर्षं थापा मारतात: न मिळालेली पदकं, न झालेले आजार, मंत्र्यांशी नसलेल्या ओळखी. जर्मन मनोविकारतज्ज्ञ अँटोन डेलब्र्युक यांनी १८९१ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. तरीही अमेरिकी मनोविकार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत अशा थापा मारण्याला स्वतंत्र आजार मानलेलं नाही.

२०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना स्वार्थासाठी खोटं बोलायची संधी दिली. सुरुवातीला मेंदूतला भावनांशी निगडित अमिग्डाला जोरात प्रतिसाद देई. पुढे तो मंदावला आणि थापांचा आकार वाढत गेला. ही साधी माणसं होती, रुग्ण नव्हेत. पण खोटं अंगवळणी कसं पडतं, ते यातून दिसतं.

नवरा किंवा बायको अशी सतत थापा मारणारी असेल तर? चारचौघांत उलटतपासणी घेऊ नका. कोंडीत सापडलेला माणूस आणखी एक गोष्ट रचतो. एकांतात नेमका मुद्दा मांडा. पैशांचे व्यवहार स्वतः तपासा. त्याच्या वतीने नातेवाइकांशी खोटं बोलणं तर आजच थांबवा. यावर हमखास गोळी नाही. समुपदेशन आहे, तेही त्याची तयारी असेल तर.

मात्र घरातली वयस्क व्यक्ती अचानक न घडलेले प्रसंग सांगू लागली, तर तिला खोटारडी ठरवू नका. स्मृतिभ्रंशात मेंदू आठवणींतल्या रिकाम्या जागा नकळत भरतो. तिला आधी डॉक्टरांकडे न्या.